टीप वाचून पुन्हा वचनाकडे

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून सलग वाचायचे मी ठरवले आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायापाशी थांबले. शमुवेल संदेष्टा शौल राजाला देवाचा निरोप सांगतो: अमालेकी लोकांवर चालून जा, त्यांचे जे जे आहे ते नष्ट कर, पुरुष, स्त्रिया, मुले, तान्ही बाळे, गुरेमेंढरे, कोणाचीही गय करू नकोस. यहोशवाच्या पुस्तकातली यरीहोच्या पाडावाची हकीकत मी त्याआधी कशीबशी ओलांडली होती. इथे मात्र पान उलटवेना. ज्याला आपण रोज ‘आमच्या बापा’ अशी हाक मारतो, त्याच्या तोंडी हे शब्द? माझ्याजवळच्या बायबलात त्या वचनाखाली स्पष्टीकरणाची एक ओळही नव्हती.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची उपासना, संपल्यावर फादरांना गाठून विचारले. त्यांनी घाईने उत्तर दिले नाही. म्हणाले, “प्रश्न योग्य आहे तुमचा. त्याला बगल देऊ नका. पण जुना करार टिपांशिवाय एकटीने वाचू नका. चांगले कॅथोलिक स्टडी बायबल घ्या, आणि घेण्याआधी त्यात हाच अध्याय उघडून बघा.”

त्यांच्या बोलण्यातला शेवटचा भाग मला फार उपयोगी पडला. स्टडी बायबल म्हटले की प्रस्तावना, नकाशे, वंशावळी, तक्ते, रंगीत पाने, सगळेच मोहात पाडते. पण स्वतःला खरोखर छळणारा एखादा उतारा हाताशी असला, तर त्या उताऱ्यावर हे पुस्तक काय बोलते एवढे पाहिले की त्याचा स्वभाव कळतो. ओळखीच्या धर्मभगिनींच्या ग्रंथालयात आणि काही मित्रमंडळींकडे मिळून बरीच स्टडी बायबले मला पाहायला मिळाली. ज्या त्या प्रतीत मी पहिल्यांदा शमुवेलचे ते पान काढत असे.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करावी लागली. प्रत कॅथोलिक हवी म्हणजे नेमके काय हवे? पहिला फरक पुस्तकांच्या संख्येचा. कॅथोलिक बायबलात ७३ पुस्तके असतात, जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलात ६६ असतात. तोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही सात पुस्तके त्यात नसतात. शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांचे काही भागही नसतात. ही पुस्तके देवप्रेरित आहेत हे बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ साली अधिकृतपणे जाहीर केले. सुरुवातीच्या शतकांपासून ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) मोठ्या भागात ती वाचली जातच होती.

ही यादी मला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ होती, पण तिचे महत्त्व कळले ते इब्री लोकांस लिहिलेले पत्र वाचताना. अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची मोठी मालिका येते आणि पस्तिसाव्या वचनात लेखक म्हणतो की काहींचे हालहाल झाले, पण अधिक चांगले पुनरुत्थान मिळावे म्हणून त्यांनी सुटका नाकारली. हे लोक कोण? हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे, राहाब यांच्या गोष्टी ६६ पुस्तकांच्या बायबलातही सापडतात. या हुतात्म्यांची गोष्ट मात्र मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे: म्हातारा एलाजार, आणि सात मुलांना डोळ्यांदेखत मरताना पाहून त्यांना धीर देणारी ती आई. ते पुस्तकच हाती नसेल तर इब्री पत्राचे हे वचन अधांतरी लोंबकळत राहते. तसेच योहानाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येशू समर्पणाच्या सणाला मंदिरात फिरत होता असे येते. तो सण कसा सुरू झाला हे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. ही पुस्तके नंतर कोणी जोडलेली पुरवणी आहेत असे मला कधी वाटले असेल, तर ते त्या दिवशी संपले.

म्हणून ‘अपॉक्रिफासह’ असे लिहिलेल्या प्रती मी बाजूला ठेवल्या. त्यांत ही पुस्तके दोन करारांच्या मध्ये वेगळ्या गठ्ठ्यात असतात, आणि आपण प्रमाण मानत नाही अशी आणखी काही पुस्तकेही त्याच गठ्ठ्यात येतात. अभ्यासकाला त्या चालतील. पण रोज प्रार्थनेसाठी वाचणाऱ्याला तोबीत त्याच्या जागी, इतिहासाच्या पुस्तकांच्या ओळीत बसलेला भेटावा, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा फरक मान्यतेचा. १९८३च्या धर्मविधान-संहितेतील ८२५ वा नियम सांगतो की पवित्र शास्त्राची आवृत्ती परमगुरूंच्या (पोपच्या) पीठाने किंवा बिशप परिषदेने मान्य केल्याशिवाय छापू नये, आणि लोकभाषेतल्या भाषांतराला पुरेशा टिपा जोडलेल्या असाव्यात. टिपा हव्यात हा आग्रह खुद्द ख्रिस्तसभेचा आहे, हे वाचून मला बरे वाटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई वर्बुम’ या १९६५च्या दस्तऐवजातही हेच आहे: शास्त्राची वाट सर्व श्रद्धावंतांना मोकळी असावी आणि त्यांच्या हाती योग्य टिपांसह आवृत्त्या द्याव्यात. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ‘निहिल ऑब्स्टाट’ आणि ‘इम्प्रिमातुर’ हे शब्द शोधायला मी शिकले. श्रद्धा आणि नीती यांच्या विरुद्ध यात काही नाही, छापायला हरकत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. प्रत्येक टिपेतले मत बिशपांचे आहे असा त्यातून अर्थ निघत नाही. हे नीट लक्षात ठेवावे लागते. कारण मान्यता असलेल्या दोन बायबलांतल्या टिपा एकाच वचनावर अगदी वेगळे बोलतात, आणि ते पाहून मन गोंधळते.

मला पहिल्यांदा मिळाले ते ऑक्सफर्डचे ‘कॅथोलिक स्टडी बायबल’. त्यातले भाषांतर न्यू अमेरिकन बायबलची २०११ सालची सुधारित आवृत्ती आहे. अमेरिकेतल्या मिस्सामधली वाचने याच भाषांतराच्या घराण्यातली. घेणाऱ्याला फारसे कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट इथे सांगते: या भाषांतराच्या टिपा आणि पुस्तकांच्या प्रस्तावना भाषांतराचाच भाग आहेत, त्यामुळे त्याच्या कुठल्याही प्रतीत, अगदी साध्या बांधणीच्याही, त्या त्याच असतात. ऑक्सफर्डच्या प्रतीत वेगळे मिळते ते वाचन-मार्गदर्शन. प्रत्येक पुस्तकावर एक प्रदीर्घ लेख, आणि हे सगळे लेख शास्त्राच्या मजकुराच्या आधी एकत्र छापलेले. लेख उत्तम आहेत. यशयाची तीन भागांत मांडणी का करतात, कोणता भाग बाबेलच्या बंदिवासाआधीचा आणि कोणता नंतरचा, हे मला तिथेच पहिल्यांदा स्वच्छ समजले. पण वाचताना एक बोट मजकुरात, एक बोट पुढच्या लेखात, आणि डोळे तळटिपेत, अशी तारांबळ होते. ज्याला आधी लेख वाचून मग पुस्तक वाचायचे आहे त्याला ही रचना सोयीची. मला थोडे थोडे वाचून थांबायची सवय आहे. माझ्यासाठी ती गैरसोयीची ठरली.

आणि शमुवेलचे ते वचन? तळटीप प्रामाणिक आहे. सर्वस्वी नाशाची ही आज्ञा म्हणजे काय, तिच्यात लुटीतले काहीही स्वतःसाठी ठेवायला मनाई कशी होती, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तिची पार्श्वभूमी काय आहे, हे ती सांगते. या अध्यायाचा रोख शौलाने आज्ञा पाळली नाही यावर आहे, असेही सांगते. त्या काळातला माणूस हे कसे समजत होता ते मला कळले. माझा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

याच भाषांतराच्या प्रस्तावनांनी मला आणखी एक धक्का दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा लेखक बारा शिष्यांपैकी मत्तय असण्याची शक्यता तिथे नाकारलेली आहे. मार्कचे शुभवर्तमान आधीचे आणि मत्तयाने ते वापरले, असे मांडलेले आहे. लहानपणापासून जे ऐकले त्याच्या हे उलट. मी फादरांकडे परत गेले. त्यांनी पोपच्या बायबल आयोगाचे १९९३चे पत्रक माझ्या हातात ठेवले. प्राचीन ग्रंथांच्या अर्थाच्या अभ्यासाला ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत अत्यावश्यक आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि शास्त्राचे अक्षर न् अक्षर संदर्भाविना जसेच्या तसे धरून बसणाऱ्या वाचनावर त्यात कडक टीका आहे. देवाचे वचन माणसांच्या भाषेत आले, म्हणून माणसांच्या भाषेचा, काळाचा, लेखनप्रकाराचा अभ्यास करणे हा श्रद्धेचाच भाग आहे. लेखक कोण यावर माझा विश्वास उभा नाही, हे मला तेव्हा शांतपणे मान्य करता आले. तरीही ज्याची श्रद्धा नुकतीच मूळ धरते आहे, त्याच्या हाती या प्रस्तावना सोबतीशिवाय देऊ नयेत, असे माझे मत आहे.

मग मिळाले इग्नेशियस कॅथोलिक स्टडी बायबल. स्कॉट हान आणि कर्टिस मिच यांचे हे काम वर्षानुवर्षे एकेका पुस्तकाच्या स्वतंत्र पुस्तिकांच्या रूपाने येत राहिले. नवा करार २०१० साली एका खंडात आला आणि संपूर्ण बायबल २०२४ साली. भाषांतर आरएसव्हीची, म्हणजे ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन’ या इंग्रजी भाषांतराची, दुसरी कॅथोलिक आवृत्ती. याची मांडणी ‘देई वर्बुम’च्या बाराव्या परिच्छेदावर उभी आहे. शास्त्र वाचताना तीन गोष्टी सांभाळा, असे परिषद तिथे सांगते: संपूर्ण शास्त्राची एकता, ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा, आणि श्रद्धेच्या सत्यांचा आपसातला मेळ. या तिन्हींसाठी टिपांमध्ये तीन वेगळी चिन्हे आहेत, ग्रंथ, कबुतर आणि किल्ल्या. आपल्याला मिळणारी माहिती कुठल्या प्रकारची आहे, ते चिन्ह पाहूनच कळते. आद्य ख्रिस्ती आचार्य काय म्हणाले, कॅटेकिझम (कॅथोलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) काय म्हणतो, जुन्या करारातली प्रतिमा नव्या करारात कशी पूर्ण होते, हे सगळे वचनाखालीच. योहानाच्या सहाव्या अध्यायावर, जिथे येशू ‘मी जीवनाची भाकर आहे’ म्हणतो, मी तासन् तास बसले. निर्गमातला मान्ना, वल्हांडणाचा कोकरा, शेवटचे भोजन, मिस्साबली, सगळे एका सुतात ओवलेले दिसले. पुढच्या मिस्सात भाकर उंचावली गेली तेव्हा माझे डोळे भरून आले. हे एका टिपेचे ऋण मी विसरणार नाही.

लेखक कोण, काळ कोणता या बाबतीत हे बायबल परंपरेच्या बाजूने झुकते, तेही मी नोंदवून ठेवले. न्यू अमेरिकनच्या टिपा आणि इग्नेशियसच्या टिपा शेजारी ठेवल्या की दोन चांगले शिक्षक एकाच वर्गात उभे आहेत असे वाटते. एक विचारतो हे कसे लिहिले गेले, दुसरा विचारतो यात ख्रिस्त कुठे दिसतो. दोन्ही प्रश्न हवेत. माझी अडचण निराळीच होती. इग्नेशियसच्या टिपा इतक्या भरघोस की तीन वचने वाचायची आणि पाव तास खालीच रेंगाळायचे, असे होऊ लागले. टीप वाचून समाधान व्हायचे आणि पुस्तक मिटले जायचे. वचनाकडे परत जायचे राहून जायचे.

इथे मला माझी कसोटी सापडली. टीप किती विद्वत्तेची आहे, यापेक्षा ती वाचून झाल्यावर माझे डोळे कुठे जातात ते मी पाहू लागले. चांगली टीप मला वर, वचनाकडे परत पाठवते.

डिडॅके बायबल आणि नवारा बायबल मी थोडक्यात पाहिले. डिडॅकेच्या टिपा कॅटेकिझमच्या आधाराने लिहिलेल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यातल्या परिच्छेदांचे क्रमांक दिलेले आहेत. श्रद्धेची शिकवण शास्त्रात कुठे रुजलेली आहे हे शोधणाऱ्याला, धर्मशिक्षण देणाऱ्याला ते फार सोयीचे. पण कॅटेकिझमच्या शेवटी शास्त्रवचनांची सूची असते. कोणते वचन कोणत्या परिच्छेदात आले आहे ते तिच्यात सापडते. हातातल्या कुठल्याही बायबलाशेजारी ती सूची उघडून ठेवली की हेच काम होते. नवारा विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे बायबल अनेक खंडांत आहे, त्यात संतांची आणि आचार्यांची अवतरणे भरपूर. मननासाठी सुंदर, रोज एका हातात धरायला खंड फार. डुए-रीम्स ही जुनी इंग्रजी प्रत, व्हल्गेट या लॅटिन भाषांतरावरून केलेली, भारदस्त भाषेसाठी अनेकांना आवडते. तिच्यात स्तोत्रांचे क्रमांक वेगळे असतात, मेंढपाळाचे स्तोत्र तेविसावे नसून बाविसावे, हे माहीत नसले तर मिस्सातले प्रतिसाद-स्तोत्र शोधताना माणूस हरवतो.

शेवटी आले न्यू जेरुसलेम बायबल. याचे मूळ फ्रेंच. डोमिनिकन धर्मगुरू मारी-जोसेफ लाग्रांज यांनी १८९० साली जेरुसलेममध्ये बायबल अभ्यासाची संस्था काढली. लॅटिन भाषांतरावर न थांबता मूळ हिब्रू, अरामी आणि ग्रीक भाषांकडे जा, असे बारावे पायस यांनी १९४३ साली लिहिले. त्यानंतर त्या संस्थेने केलेले भाषांतर १९५६ साली एका खंडात निघाले. इंग्रजी रूप १९६६ साली आले, आणि हेन्री वॉन्सब्रो यांच्या संपादनाखाली नवे रूप १९८५ साली. घेताना एक सांभाळावे लागते: याच नावाची ‘रीडर्स’ आवृत्ती आहे, तिच्यात टिपा कापून थोड्याच ठेवल्या आहेत. अभ्यासाला पूर्ण टिपांची नियमित आवृत्ती हवी. २०१९ साली वॉन्सब्रो यांनीच केलेली आणखी नवी सुधारित आवृत्ती आली, तिच्या टिपा वेगळ्या आहेत. नावे इतकी सारखी, की आतले पान उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

या बायबलाचे खरे धन समासात आहे. मजकुराच्या कडेला बारीक अक्षरांत संदर्भ: हे वचन तिकडे पाहा, ते इकडे पाहा. काही संदर्भांपुढे अधिकचे चिन्ह असते. त्याचा अर्थ तिथे गेल्यावर आणखी टीप किंवा आणखी संदर्भांची साखळी मिळेल. एखादा विषय संपूर्ण शास्त्रातून कसा वाहत आला, हे त्या वाटेने चालत गेले की कळते. समास मला मत सांगत नाही. तो मला दुसऱ्या वचनापाशी नेऊन उभा करतो आणि गप्प राहतो.

या समासाच्या बोटाला धरून मी शमुवेलच्या त्या अध्यायात परत शिरले. तिसऱ्या वचनावर अडून न राहता पुढे गेले, तेव्हा बाविसावे वचन समोर आले: यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे. त्यावरून होशेयाच्या सहाव्या अध्यायाकडे: मला यज्ञ नको, निष्ठावंत प्रेम हवे. आणि होशेयाच्या त्या वचनावरून थेट मत्तयाच्या नवव्या अध्यायाकडे, जिथे येशू जकातदारांच्या पंगतीत बसला आहे, परुशी नाक मुरडत आहेत, आणि तो त्यांना म्हणतो, जा, ‘मला दया हवी, यज्ञ नको’ याचा अर्थ काय ते शिका. ज्या अध्यायात दयेला जागाच नव्हती, त्याच अध्यायातल्या एका धाग्याच्या टोकाला दयेची आज्ञा बांधलेली होती.

यामुळे बाळांच्या मृत्यूचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न कुठे ठेवायचा हे कळले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० सालच्या ‘वर्बुम दोमिनी’ या पत्रात बायबलातल्या अशा अंधाऱ्या उताऱ्यांवर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे, बेचाळिसावा. देवाचे प्रकटीकरण इतिहासात, पायरी-पायरीने झाले. फार जुन्या काळच्या समाजाची सांस्कृतिक आणि नैतिक पातळी जशी होती तशा रीतीने ते दिले गेले. म्हणून हिंसाचाराच्या, कत्तलीच्या कथा तिथे कधी कधी स्पष्ट निषेधाविना येतात. पुढे संदेष्ट्यांनी अन्यायाविरुद्ध आवाज उठवला, आणि हे सगळे उतारे ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचायचे असतात. ‘देई वर्बुम’ही सांगते की जुन्या करारात काही गोष्टी अपूर्ण आणि त्या काळापुरत्या आहेत. डोळे झाकून पुढे जा असे ख्रिस्तसभा म्हणत नाही, हे मला इतक्या स्पष्ट शब्दांत त्याआधी कोणी दाखवले नव्हते.

आचार्यांची वाट आणखी वेगळी. १३७व्या स्तोत्राच्या शेवटी शत्रूची लेकरे खडकावर आपटण्याची जी भयंकर ओळ आहे, तिच्यातली लेकरे म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार आणि खडक म्हणजे ख्रिस्त, असे त्यांनी वाचले. संत बेनेडिक्ट यांच्या मठवासींसाठीच्या नियमावलीत हाच उपदेश आहे: वाईट विचार मनात येताच ख्रिस्तावर आपटून टाका. इतिहासाचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण ती ओळ ओठांवर घेऊन प्रार्थना कशी करायची ते कळते.

मी न्यू जेरुसलेम घेतले. त्यात परमेश्वराचे नाव ‘याव्हे’ असे छापलेले आहे. मिस्सात आणि सामुदायिक प्रार्थनेत हे नाव उच्चारू नये असे रोमहून २००८ साली कळवले गेले. एकटीने मोठ्याने वाचतानाही मी तिथे ‘प्रभू’ म्हणते. यहुदी परंपरा ज्या नावाचा इतका आदर करते, ते मलाही सहज तोंडात आणवत नाही. मिस्सातल्या वाचनांशी याचे शब्द जुळतातच असे नाही. ज्याला आठवड्याची वाचने आधी वाचून रविवारी जायचे आहे, त्याने आपल्या मिस्सात कोणते भाषांतर वाचले जाते ते आधी विचारावे आणि त्याचेच स्टडी बायबल शोधावे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. या वाचनांची सूची पुष्कळ स्टडी बायबलांच्या शेवटी असते; घेताना ती पाहून घ्यावी, म्हणजे माझ्यासारखी ती वेगळी मिळवावी लागणार नाही.

वाचण्याची माझी रीत आता ठरून गेली आहे. उतारा आधी मराठीत मोठ्याने वाचते, कारण प्रार्थना मला मराठीतच सुचते. मग इंग्रजीत, समासावर हात ठेवून. जे शब्द टोचतात किंवा ओढून घेतात तिथे थांबते. समासातले एखाद-दोन संदर्भ उघडते, सगळे नाही. तळटीप सर्वांत शेवटी, आणि ती वाचल्यावर उतारा पुन्हा एकदा पहिल्यापासून. बाराव्या शतकातल्या गीगो या कार्थुशियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. टिपांची जागा पहिल्या पायरीवर आहे, तिथून पुढे त्यांना सोबत न्यायचे नसते. एखादी टीप अपुरी वाटली तर धर्मभगिनींच्या ग्रंथालयात जाऊन इग्नेशियस उघडते, आणि ते वचन कोणी कसे वाचले ते वहीत उतरवून आणते.

अलीकडे माझ्या भाचीने विचारले, “मावशी, मला पण वाचायचंय, तुझंच घेऊ का?” तिने याआधी मिस्साबाहेर शास्त्र कधी वाचलेले नव्हते. मी तिला माझे बायबल सुचवले नाही. समासातले संदर्भ ज्याला आधीची गोष्ट थोडीफार माहीत आहे त्याच्याशी बोलतात; नवख्या माणसाला ते नुसते आकडे दिसतात. तिला मी इग्नेशियसची मार्कच्या शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका दिली. सर्वांत छोटे शुभवर्तमान, खाली भरपूर टिपा, हातात हलके. तिला सांगितले की आधी वरचा मजकूर एका बैठकीत संपूर्ण वाच, टिपांकडे दुसऱ्या वाचनात वळ. तिने तसे केले, आणि पहिल्याच वाचनानंतर विचारले की सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर शैली बदलल्यासारखी का वाटते. जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान तिथेच संपते, पुढची वचने नंतरची असली तरी ख्रिस्तसभा ती प्रेरित शास्त्र म्हणूनच वाचते, हे आम्ही दोघींनी मिळून टिपेत पाहिले. आता ती लूक मागते आहे, आणि त्यानंतर प्रेषितांची कृत्ये.